रेवदंड्याच्या मामांच्या तीन ट्रंका : स्कॅन करायच्या आधी काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामा वारले, रेवदंड्याच्या घरात तीन लोखंडी ट्रंका आणि एक फडताळ भरून त्यांचे कागद आहेत, त्यात सुरुवातीच्या पोर्तुगीज दर्यावर्दींनी आपल्या किनाऱ्याबद्दल जे लिहून ठेवलं त्याच्या हाताने उतरवलेल्या नकला, ट्रेसिंग पेपरवर काढलेले खाड्यांचे नकाशे, चाळीसेक वह्या, काही बाळबोध काही मोडी, आणि दिवाळीनंतर घर विकायचं ठरलंय. तुम्ही विचारलंय की सगळं स्कॅन करून मूळ कागद रद्दीत घातले तर चालेल का, की एक ट्रंक टोरोंटोला मावसभावाकडे पाठवावी, आणि मुळात याला काही किंमत आहे का कारण "ही सगळी पुस्तकं आता नेटवर फुकट मिळतात". मी गेली तीस वर्षं हेच काम करत आलेय, पालघरपासून गोव्यापर्यंत अशी किती घरं पाहिली मोजदाद नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सगळं लिहिते.

आधी किमतीचं. तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे, पुस्तकं मिळतात. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची रोजनिशी मिळते, दुआर्त बार्बोझाचं वर्णन मिळतं, तोमे पिरेस मिळतो, जुआंव द कास्त्रोने १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत जाताना लिहिलेलं किनाऱ्याचं वर्णन मिळतं. पण ती मिळतात कशी हे एकदा बघा म्हणजे मामांनी काय केलं ते कळेल. गामाच्या सफरीची जी रोजनिशी आज सगळे वापरतात तिचं मूळ हस्तलिखित नाहीच, एक जुनी नक्कल तेवढी उरली, कोइम्ब्राच्या मठातली, तिच्यावर लेखकाचं नाव नाही, आणि ती १८३८ मध्ये पोर्तोला छापली गेली, म्हणजे गामा कालिकतला पोचल्यावर ३४० वर्षांनी. बार्बोझाने साधारण १५१६ च्या सुमाराला लिहिलं, त्यात आपलं दाभोळ आहे, चौल आहे, पण छापून आलं आधी इटालियन भाषेत १५५० मध्ये आणि पोर्तुगीजमध्ये थेट एकोणिसाव्या शतकात. तोमे पिरेसची पूर्ण हस्तप्रत १९३७ मध्ये पॅरिसच्या एका लायब्ररीत सापडली. कास्त्रोचं गोवा ते दीव १८४३ मध्ये छापलं. म्हणजे मूळ भाषेतली ही वर्णनं तीन-तीन चारचारशे वर्षं कुणाच्या तरी कपाटात पडून होती आणि कुणीतरी ती नकलून ठेवली, फेकली नाहीत, एवढ्यावर आपला सोळाव्या शतकाचा किनारा उभा आहे.

आणि जे गेलं ते पण सांगते. दियोगो द कोउतो हा गोव्याच्या सरकारी दफ्तराचा पहिला रखवालदार, ते दफ्तर १५९५ मध्ये सुरू झालं, त्याने पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या कारभाराचा इतिहास खंडाखंडाने लिहिला. त्याच्या एका खंडाच्या छापील प्रती लिस्बनच्या छापखान्यातल्या आगीत जळाल्या, दोन खंडांची हस्तलिखितं तो आजारी असताना घरातून चोरीला गेली आणि बिचाऱ्याने म्हातारपणी आठवून आठवून त्यांचा सारांश पुन्हा लिहिला, एक खंड तर कायमचाच गेला. हाच कोउतो लिहितो की घारापुरीच्या लेण्यात एक शिलालेख होता, तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिकडे कुणाला वाचता आला नाही आणि दगड हरवला. आज घारापुरी कुणी खोदली यावर जी चर्चा चालते ती त्या एका दगडाने मिटली असती कदाचित. टोरोंटोला ट्रंक पाठवायची गोष्ट वाचली तेव्हा मला पहिला तो दगडच आठवला, खरं सांगते.

आता मामांसारख्या माणसाचं काम काय असतं ते. आपल्याकडे या विषयात ज्यांनी मोठं काम केलं त्यातले बरेच जण त्याच मातीतले होते. कुन्हा रिवारा पोर्तुगालहून गोव्यात सरकारी नोकरीवर आला हे खरं आणि त्याने १८५७ पासून जुनी कागदपत्रं छापायला घेतली ते उपकार मोठेच, पण जेर्सन द कुन्हा गोव्याचा, मुंबईत डॉक्टरकी करायचा आणि १८७६ मध्ये त्याने चौल-वसईवर पुस्तक काढलं, रेवदंड्याचे पडके दरवाजे, थडग्यांवरचे लेख, सगळं स्वतः पाहून. आणि पांडुरंग पिसुर्लेकर, सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे, गोव्याचं दफ्तर त्यांनी तीस वर्षं सांभाळलं, पोर्तुगीज उत्तम, मराठी घरची, मोडी येत होती, म्हणून ज्या कागदावरून लिस्बनचा माणूस पुढे निघून जाईल तिथे हे थांबायचे कारण त्यातलं एखादं वेडंवाकडं लिहिलेलं नाव कुठल्या सरदाराचं ते त्यांना लगेच कळायचं. पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये छापलेलं त्यांचं पोर्तुगेज-मराठे संबंधांवरचं मराठी पुस्तक मिळालं तर बघा.

मुद्दा तोच आहे. लिस्बनमध्ये कागद आहे, पण कागदावरचं नाव जमिनीवर कुठे बसतं हे लिस्बनला माहीत नाही.

हे उदाहरणं देऊन सांगते कारण यातच तुमच्या ट्रंकांची सगळी किंमत आहे. तुमच्या गावाचंच घ्या. जुन्या पोर्तुगीज वर्णनात चौल चौल येतं ना, त्यातलं कितीदा तरी ते रेवदंडा असतं. पोर्तुगीजांची कोटातली वस्ती ती खालची चौल आणि त्याआधीपासूनचं बाजाराचं, देवळांचं, निजामशाहीच्या ताब्यातलं गाव ती वरची चौल. प्रवासी नुसतं चौल लिहून मोकळा होतो. तो नक्की कुठे उभा राहून लिहितोय हे ठरवायचं तर खाडी कुठल्या हाताला आहे, कोर्लईचा डोंगर कसा दिसतो, हे बघावं लागतं, आणि ते रेवदंड्याचाच माणूस बघतो. तसंच आगाशीचं. विरारजवळची आगाशी आणि गोव्यातली जुवारीकाठची आगशी, पोर्तुगीज कागदात दोघींचं स्पेलिंग एकच. माहीम दोन, एक मुंबईचं, एक केळव्याजवळचं, आणि दोन्ही पोर्तुगीजांकडे होती, एका कागदातला हिशोब दुसऱ्या माहीमच्या नावावर टाकलेला मी स्वतः पाहिलाय. राजापूर आणि राजापुरी, एक रत्नागिरीत दुसरं मुरूड-जंजिऱ्यापाशी, तोच घोळ. के, कि असा उच्चार असला की ते क्यू लिहितात म्हणून केळशी वाचताना क्वेलेसी होते, श्रीवर्धनचं सिफार्दांव होतं, खारेपाटणचं कारापातांव, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांना ते जळकी बेटं म्हणतात. हे सगळं उलगडायला डिक्शनरी पुरत नाही, किनाऱ्यावर चालावं लागतं.

कास्त्रोचं उदाहरण तर मला सगळ्यात जवळचं. हा पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला पण १५३८ मध्ये आरमाराबरोबर दीवकडे चालला होता आणि वाटेत प्रत्येक खाडीचं मुख, पाण्याची खोली, तळाला वाळू की चिखल, भरती कधी, कुठला खडक टाळायचा, सगळं टिपत गेला, वर बंदरांची चित्रं पण काढली. घारापुरी आणि कान्हेरी पाहून त्यांचं वर्णन केलं. वसईच्या बाजूला त्याच्या होकायंत्राची सुई भलतंच दाखवायला लागली तर त्याने ते पण लिहिलं आणि कारण लावलं की पाण्याखालच्या खडकाचा परिणाम असणार, आणि आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, त्यात लोहचुंबकी खनिज असतंच. त्याची खोली मोजायची ब्रासा म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढं होतं तेवढं माप. आपली कोळी मंडळी आजही वाव म्हणतात ती पण हात पसरूनच. आता एखाद्या मास्तरने कास्त्रोचा आकडा एका बाजूला उतरवला, शेजारी गावच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारून त्याच ठिकाणची आजची वाव लिहिली आणि तारीख घातली, तर तो माणूस सोळाव्या शतकापासून खाडी किती भरली याची नोंद करून ठेवतोय. ती नोंद जगात दुसरीकडे कुठेच नसते. तुम्ही पाठवलेल्या त्या एका फोटोत, डाव्या समासात पेन्सिलने "३ वाव, खालची खडपं सोडून" असं काहीतरी लिहिलेलं दिसतंय बघा. ते छापील पुस्तकात नाही, नेटवर नाही, ते फक्त तुमच्या त्या ट्रंकेत आहे.

म्हणून रद्दीत घालायचं नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दफ्तरं गोळा करत होते तेव्हा लोकांनी माळ्यावरचे कागद वाण्याला पुड्या बांधायला दिलेले असायचे, १८९८ मध्ये त्यांचा पहिला खंड आला तो वाईला मिळालेल्या कागदांवरून, ते कागद आणखी काही वर्षं तसेच राहिले असते तर पानिपताबद्दल आपल्याला आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंच ठाऊक नसतं.

आता करायचं काय. पहिल्या दिवशी काही हलवू नका, मी परत सांगते, हलवू नका. ट्रंक उघडा, वरून फोटो काढा, मग एक-एक गठ्ठा उचलायच्या आधी तो कुठे कसा होता त्याचा फोटो. मामांनी कुठल्या कागदाजवळ कुठला कागद ठेवला यात त्यांचा विचार आहे. हे मी फार महागात शिकलेय. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळामास्तरांच्या घरी कागद लावायला गेले होते, तेही वारलेले, आणि मी हौसेने सगळं वर्षवार लावलं, पोर्तुगीज नकला एकीकडे, पत्रं एकीकडे, नकाशे एकीकडे, दिसायला एकदम छान. नंतर कळलं की त्यांनी प्रत्येक रुमालात, म्हणजे कापडी गठ्ठ्यात, एकेका बंदराचं सगळं बांधलं होतं, कास्त्रोच्या पानाची नक्कल, त्यावर कुणा जाणकाराला लिहिलेलं पत्र आणि त्याचं उत्तर, कोळ्याने काढून दिलेली आकृती, जुन्या दस्ताची नक्कल. मी ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधता आली नाही, काही आकृत्या कुठल्या खाडीच्या आहेत ते आजपर्यंत समजलेलं नाही. तेव्हा गठ्ठा जसा आहे तसाच राहू दे, त्याला नंबर द्या, ट्रंक १ गठ्ठा १ पान १ असा, मऊ पेन्सिलने मागच्या कोपऱ्यात, पेनने नाही आणि स्टिकर तर नाहीच.

कागदाची तब्येत. रेवदंडा समुद्राला लागून, दमट हवा, पावसाळा नुकताच सरलाय म्हणजे बुरशी असणार. बुरशीवर ओलं फडकं फिरवू नका, तोंडाला मास्क लावा, कागद सावलीत पंख्याच्या मंद वाऱ्यावर दोन-तीन दिवस राहू दे, कडक उन्हात घालू नका, ऊन बुरशीपेक्षा जास्त वाट लावतं, शाई उडते आणि कागद कडक होतो. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, तशीच ठेवा, ते जाणकाराचं काम. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा हळूच काढा पण त्यांनी कुठली पानं एकत्र टाचली होती ते लिहून ठेवा. सेलोटेप अजिबात नाही, लॅमिनेशन अजिबात नाही, लोक प्रेमाने लॅमिनेट करून आणतात आणि मला रडू येतं कारण ते परत निघत नाही. ट्रेसिंग पेपर घडी घातलेला असेल तर तो घडीवर तुटतो, तुम्ही उलगडू नका, तो मोठ्या पुठ्ठ्यावर आडवा ठेवून तसाच न्या. आणि एखादा कागद तपकिरी शाईचा, अक्षरांच्या जागी कागदच खाल्लेला, भोकं पडलेली असं काही दिसलं तर ती जुनी लोखंडी शाई असू शकते, म्हणजे मामांच्या हाताला कदाचित कुठेतरी मूळ कागद लागला होता, तो वेगळ्या पाकिटात आणि त्याला कमीत कमी हात लावायचा.

ट्रंका भिंतीपासून आणि जमिनीपासून वर ठेवा, वाळवी खालूनच येते. आपल्या जुन्या दफ्तरांसारखं सुती कापडात बांधलं तर उत्तम, धुऊन खळ काढलेलं मांजरपाट चालतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो.

स्कॅनिंग कराच, पण ते मूळ कागदाऐवजी नाही तर मूळ कागदाबरोबर. घरगुती पातळीवर फोन पुरतो. खिडकीतला उजेड, फ्लॅश बंद, शेजारी एक पट्टी ठेवायची म्हणजे आकार कळतो, कोरी पानं पण घ्यायची, मागची बाजू पण घ्यायची. जी ॲप पानाचा रंग आपोआप पांढराशुभ्र करतात ती वापरू नका, पेन्सिलच्या टिपा त्यात पहिल्यांदा गायब होतात आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्यात. साधा फोटो, मूळ साइझमध्ये, व्हॉट्सॲपवरून पाठवायचा नाही. फाइलचं नाव गठ्ठ्याच्या नंबरावरून. एक प्रत तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. टोरोंटोच्या भावाला ही प्रत पाठवा, त्याचं मन पण राहील.

ट्रंक मात्र पाठवू नका. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तूत धरतात आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मामांच्या स्वतःच्या वह्या कदाचित तेवढ्या जुन्या नसतील पण मधे एखादा मूळ कागद असेल तर विनाकारण अडचणीत याल. आणि कॉपीराइटचं विचारलंत, तर मामांच्या लिखाणाचा हक्क वारसांचा, आपल्याकडे साधारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे ज्या संस्थेला द्याल तिच्याशी छापण्याबद्दल, नेटवर टाकण्याबद्दल आधीच लेखी बोलून घ्या. मामींची सही हवी, तुमची एकट्याची नाही.

कुठे द्यायचं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, मोडी वाचणारी माणसं तिथे मिळतात. गोव्यात पर्वरीचं झेवियर सेंटर आहे आणि पणजीला सरकारी पुराभिलेख आहे, पोर्तुगीज भाग समजणारे लोक तिकडे. मुंबईत एशियाटिक सोसायटी. मला विचाराल तर संग्रह फोडून मोडी इकडे पोर्तुगीज तिकडे असं करू नका, एकच जागा निवडा, भले तिथे अर्धंच वाचता येत असेल, डिजिटल प्रत दुसरीकडे द्या. आणि देण्याआधी तिथे स्वतः जा, आधी आलेले संग्रह कुठे ठेवलेत ते दाखवा म्हणा, यादी करून पोच देणार का, दात्याच्या घरच्यांना नंतर बघायला मिळेल का, हे तोंडावर विचारा. मी असं एक घर पाहिलंय ज्यांनी चार पेट्या एका ठिकाणी पोच न घेता दिल्या आणि सहा वर्षांनी तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं. यादी तुम्ही करायची, दोन प्रती, दोन्हींवर सही-शिक्का.

नोंदी वाचताना एक गोष्ट डोक्यात असू द्या, १५८२ च्या ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालने कॅलेंडर बदललं, दहा दिवस मधून गाळले. त्याआधीच्या तारखा आजच्या हिशोबाने दहाएक दिवस मागे आहेत. मामांच्या वहीत एखाद्या तारखेपुढे दुसरी तारीख किंवा तिथी लिहिलेली दिसली तर ती चूक समजू नका, भरती-ओहोटी आणि वारा जुळवायला त्यांनी ते केलं असणार, तिथी कळली की उधाण कळतं. कोर्लईचे शब्द असलेली वही असेल तर ती तर पहिली फोटो करा. खाडीपलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून निघालेली बोली अजून बोलतात, नोलिंग म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. चाळीस पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या म्हाताऱ्यांकडून टिपलेले शब्द असतील तर ते सांगणारी माणसं आता नाहीत.

शेवटचं, आणि हे कागदाच्या आधी करा, या रविवारीच. मामींजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा की मामा खाडीवर जायचे तेव्हा होडी कुणाची असायची, बरोबर कोण असायचं, कुठल्या खडकाचं नाव त्यांना कुणी सांगितलं. तो तांडेल किंवा त्याचा मुलगा गावात असेल तर त्याला ते ट्रेसिंग पेपरचे नकाशे दाखवा, फोटोवर दाखवलेत तरी चालतील, आणि तो जिथे जिथे बोट ठेवून बोलेल तिथलं नाव त्याच्याच शब्दात लिहून घ्या. घर विकलं जाईल तेव्हा मामी पुण्याला जातील असं तुम्ही लिहिलंय, मग हे विचारायला रेवदंड्यात कुणी उरणार नाही. पंधरा दिवसांनी मी अलिबागला येणार आहे, तोपर्यंत गठ्ठ्यांना नंबर घालून झालेत तर मी येऊन मोडीच्या वह्या चाळून देते.